फोबजिखाच्या दलदलीत क्रौंच बघायला जाताना

भूतानची सहल म्हटली की कार्यक्रम ठरलेला असतो: पारो, थिंपू, पुनाखा, ताक्त्सांग मठाची चढण आणि परत. त्यात कुणी फोबजिखा घातलंच, तर पुनाख्याहून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत माघारी येण्याच्या बोलीवर. अशी मंडळी ऐन दुपारी दरीत पोचतात. लांबवर गवतात करडे ठिपके दिसतात, गोम्पाचे, म्हणजे बौद्ध मठाचे, फोटो होतात, आणि घरी आल्यावर "पक्षी होते, पण फार लांब होते" एवढंच सांगायला उरतं. हे ऐकलं की मला मनापासून हळहळ वाटते. कारण ही दरी जे दाखवते ते उजाडताना आणि मावळताना. म्हणून सगळ्यात महत्त्वाची सूचना आधीच सांगून टाकतो: फोबजिख्यात दोन रात्री मुक्काम करा. बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका.

आधी दरीची ओळख करून घेऊ. फोबजिखा मध्य भूतानच्या वांगदू फोड्रांग जिल्ह्यात, सुमारे २,९०० मीटर उंचीवर आहे. डोंगरातल्या दऱ्या बहुतेक चिंचोळ्या असतात. ही मात्र परातीसारखी रुंद आणि सपाट तळाची आहे. कडेच्या उतारांवर ब्लू पाइनची झाडी, तिच्या खाली बटाट्याची शेतं आणि घरं, आणि मधोमध नाके छू वळणं घेत वाहते. छू म्हणजे नदी. उतार इतका कमी की पाण्याला निघून जायची घाई नसते. पावसाळ्यात ते तळभर पसरतं. वर्षानुवर्षं कुजत आलेल्या गवताचा आणि मुळांचा थर ते स्पंजासारखं धरून ठेवतो. हिवाळा लागला की पाणी ओसरतं, कडा कोरड्या पडतात, गवत पिवळं होतं आणि जागोजागी उथळ डबकी तेवढी राहतात. नवख्या माणसाला वाटतं, पाणी आटलं, म्हणजे पाणथळीची मजा गेली. खरं तर ती उथळ डबकी आणि तो चिखल यांच्यासाठीच काळ्या मानेचे क्रौंच तिबेटच्या पठारावरून इथे उतरतात. भूतानी लोक त्यांना थ्रुंग थ्रुंग म्हणतात. एकदा त्यांचा आवाज ऐकला की हे नाव कुठून आलं ते कळतं.

महिना ठरवा

क्रौंच ऑक्टोबरच्या अखेरीपासून यायला लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परततात. पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतच्या दिवसांना. पक्षी बऱ्यापैकी जमलेले असतात, आकाश स्वच्छ असतं, आणि थंडी कडक असली तरी सोसवणारी असते. जानेवारीतही पक्षी भरपूर असतात, पण तेव्हा बर्फ पडून खिंडीतला रस्ता अडू शकतो. हाताशी एखादा जास्तीचा दिवस असेल तरच जानेवारी निवडा.

दर वर्षी ११ नोव्हेंबरला गांगतेंग गोम्पाच्या अंगणात क्रौंच महोत्सव होतो. गावातली शाळकरी मुलं क्रौंचांचे पोशाख घालून नाचतात, मुखवट्यांची नृत्यं होतात, सगळी दरी नटून येते. माणसं आणि त्यांचं या पक्ष्यांशी असलेलं नातं बघायचं असेल तर हा दिवस जरूर साधा, पण मुक्कामाची सोय खूप आधी करा. निवांतपणे पक्षी बघायचे असतील, तर महोत्सवानंतर आठवडाभराने गेलेलं चांगलं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दरी हिरवीगार असते, पण एकही क्रौंच नसतो.

कागदपत्रं आणि रस्ता

भारतीयांना व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्ड चालत नाही. लहान मुलांसाठी जन्माचा दाखला जवळ ठेवा. शाश्वत विकास शुल्क म्हणून भारतीय प्रौढाला दर रात्री १,२०० रुपये भरावे लागतात; सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. मुक्काम वाढवला की खर्च वाढतो, म्हणूनच बरेच जण फोबजिखा एका दिवसात उरकतात. माझं म्हणणं, थिंपूतली एक रात्र कमी करा, पण इथली करू नका. परवान्याचा अर्ज करतानाच प्रवासाच्या आखणीत फोबजिख्याचं नाव घाला. भूतानचं चलन न्गुल्त्रुम. त्याची आणि रुपयाची किंमत सारखीच.

विमानाने पारो, किंवा रेल्वेने हासिमारा आणि तिथून जयगावमार्गे फुंटशोलिंग, हे दोन्ही मार्ग सोयीचे. फुंटशोलिंग जवळजवळ सपाटीवर आहे, तिथून एका दमात फोबजिखा गाठायचा हट्ट धरू नका. पारो किंवा थिंपूला दोन रात्री काढा. ती शहरं २,२०० ते २,४०० मीटरवर आहेत, तिथे शरीर उंचीला सरावतं आणि मग २,९०० मीटर जड जात नाहीत.

थिंपूहून निघालात की दोचुला खिंड लागते, १०८ चोर्तेनांची, म्हणजे स्तूपांची. पुढे रस्ता उतरत उतरत वांगदूच्या उबदार खोऱ्यात येतो आणि पुन्हा चढायला लागतो. त्रोंग्साकडे जाणारा हमरस्ता सोडून उजवीकडे वळलं की लावाला खिंड येते. इथे हवा एकदम बदलते. बुटक्या बांबूची कुरणं, त्यात चरणारे याक, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका. सगळा प्रवास पाच तासांच्या आसपासचा, पण फाटे आणि थांबे धरून सकाळी आठच्या आत निघा, कारण दुपारी तीनपर्यंत दरीत पोचणं महत्त्वाचं आहे.

दरीत शिरल्यावर विजेच्या तारा कुठे दिसतात का बघा. दिसत नाहीत. उडत्या क्रौंचांना तारांचा धोका असतो, म्हणून इथे वीज जमिनीखालच्या केबलमधून आणली आहे. एके काळी ही दलदल उपसून तिथे बटाटे लावण्याचा विचार झाला होता. तोही पक्ष्यांमुळे मागे पडला. २०१६ साली गांगते-फोबजी या नावाने ही पाणथळ रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आली.

सामान

रात्री पारा शून्याच्या खाली जातो. घराघरांत बुखारी, म्हणजे खोली उबदार ठेवणारी लाकडावरची शेगडी, असते, पण पहाटे तिच्याजवळ बसायचं नाहीये, बाहेर उभं राहायचं आहे. म्हणून एका जाड जाकिटापेक्षा एकावर एक तीन कपडे बरे: आतून अंगाबरोबरचं लोकरी, मध्ये स्वेटर किंवा फ्लीस, वरून वारा अडवणारं. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोज्यांचे दोन जोड. घोट्याच्या वर येणारे आणि पाणी न शिरणारे बूट हवेतच. सकाळी गोठलेली वाट दहानंतर चिखल होते आणि साधे स्पोर्ट शूज तासाभरात भिजतात.

रंगांबद्दल दोन शब्द. हिवाळ्यातली दरी गवताळ पिवळी आणि मातकट असते. त्यात लाल किंवा चकचकीत निळं जाकीट मैलभरावरून दिसतं. करडे, तपकिरी, मळकट हिरवे कपडे घ्या.

आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी बायनॅक्युलर प्रत्येकाची वेगळी असावी. एकीवर चौघांनी भागवायचं म्हटलं की भांडणं होतात आणि पक्षी निघून जातात. कॅमेऱ्याला लांब लेन्स नसेल तर फोटोचा नाद सोडा आणि डोळ्यांनी बघा. ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय तो उडवायला भूतानमध्ये बंदी आहे.

पहिली संध्याकाळ

मुक्कामाला पोचलात, चहा झाला की लगेच बाहेर पडा. या वेळी दलदलीकडे उतरायचं नाही. सरळ काळ्या मानेच्या क्रौंचांच्या माहिती केंद्रावर जा. ते रस्त्यालगत, दलदलीच्या काठावरच आहे. निसर्ग संवर्धनासाठी काम करणारी आरएसपीएन ही संस्था ते चालवते, संस्था १९८७ची. आतल्या मोठ्या काचांमधून स्कोपने, म्हणजे मोठ्या दुर्बिणीने, दलदल न्याहाळता येते. त्या दिवशी पक्षी कुठल्या बाजूला चरत आहेत आणि रात्री कुठे उतरतात, हे इथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. दुसऱ्या दिवसाची आखणी या एका प्रश्नावर होते.

नवख्यांनी इथेच स्कोपमधून पक्षी ओळखायला शिकून घ्यावं. उभा राहिला की क्रौंच साधारण आठ-दहा वर्षांच्या मुलाएवढा उंच. अंग फिकट करडं, मान आणि डोकं काळं, डोळ्यामागे पांढरा ठिपका, टाळूवर लाल कातडीचा डाग. शेपूट काळी. नर आणि मादी दिसायला सारखेच. पहिल्याच हिवाळ्यात आलेल्या पिल्लाची मान मात्र काळी नसते, डोकं आणि मान मातकट-पिवळसर असते. आता थव्याकडे नीट बघा. गर्दी वाटते ती खरं तर कुटुंबांची बनलेली असते: दोन मोठे आणि त्यांच्यामध्ये एक पिल्लू, क्वचित दोन. हे त्रिकूट दिवसभर एकमेकांना सोडत नाही. एकदा ते डोळ्यांना दिसायला लागलं की थवा परत नुसता थवा दिसत नाही.

१८७६ साली रशियन प्रवासी प्रझेवाल्स्की यांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जगातल्या पंधरा क्रौंच जातींपैकी शास्त्राला सगळ्यात शेवटी माहीत झालेली ही जात. आपल्याकडे ती लडाखच्या चांगथांगमध्ये वीण करते. उन्हाळ्यात तिथे गेलेल्यांनी एखादी जोडी पाहिलीही असेल. पण हिवाळ्यात शेकडोंनी एकत्र, ते दृश्य या दरीतलं.

सूर्य डोंगराआड गेला की केंद्राच्या बाहेर या आणि गप्प उभे राहा. आधी आवाज येतो, पक्षी नंतर दिसतात. क्रौंचाची श्वासनलिका लांब असते आणि छातीच्या हाडात वेटोळी घालून बसलेली असते, त्यामुळे आवाज कर्ण्यासारखा दूरवर जातो. मग शेतांवरून तीन, पाच, सात अशा रांगा येतात. पाय मागे ताठ, मान पुढे. दलदलीवर आले की पंख स्थिर, पाय लोंबते सोडून उतरतात. उथळ पाण्यात उभं राहून ते रात्र काढतात, म्हणजे कोल्हा किंवा बिबट्या आला तर पाण्याचा आवाज आधी होतो. अंधार पडेपर्यंत थांबा. टॉर्च लावू नका.

पहाट

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर पडा. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे, मोबाइलवर वेळ बदलली आहे का ते रात्रीच तपासा. गाडी लांब रस्त्यावरच ठेवून चालत जा, दार हळू लावा, आणि आदल्या संध्याकाळी केंद्रात सांगितलेल्या जागी, काठावरच, एखाद्या बांधाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला बसा.

सुरुवातीला काहीच दिसत नाही. धुकं दलदलीवर चादरीसारखं पसरलेलं असतं. पायाखालचं गवत गोठून कुरकुरतं, म्हणून एकदा बसल्यावर हलायचं नाही. मग धुक्यात काळ्या काठ्या उभ्या असल्यासारखं वाटतं, आणि त्या काठ्यांना माना असल्याचं हळूहळू लक्षात येतं. मी पाहिलेल्या एका पहाटे डबक्याच्या कडेवर बर्फाचा कागदासारखा पापुद्रा धरला होता. काठावरच्या एका क्रौंचाने पाय उचलला, झटकला, पुन्हा ठेवला; तो पापुद्रा मोडल्याचा बारीक आवाज मला बसल्या जागी ऐकू आला. शेजारचं पिल्लू पाठीच्या पिसांत चोच खुपसून झोपलेलंच होतं. आई की बाप ते कळत नाही, पण दोघांपैकी एकाने मान वर करून साद घातली, दुसऱ्याने त्यातच आवाज मिसळला, आणि मग सगळ्या दलदलीतून उत्तरं यायला लागली.

ऊन खाली उतरायला लागलं की पक्षी पंख ताणतात, काही उड्या मारून नाचतात, एखादा काडी उचलून हवेत भिरकावतो. उडण्याआधीची खूण ओळखून ठेवा: सगळं कुटुंब एका दिशेला, वाऱ्याकडे तोंड करतं आणि माना पुढे तिरक्या होतात. असं दिसलं की कॅमेरा तयार ठेवा, दोन-चार क्षणांत ते झेप घेतात.

अंतर किती ठेवायचं

हे सगळे विचारतात, आणि याचं उत्तर पक्षीच देतात. क्रौंच खाली मान घालून चरत असतील तर तुमचं अंतर ठीक आहे. एकाने मान ताठ वर केली तर थांबा. दोघा-तिघांनी केली तर तुम्ही आधीच जवळ आला आहात. बसा, किंवा हळूहळू मागे या. ते चालत दूर जायला लागले तर ती शेवटची सूचना समजा.

मला हे शिकायला एक संध्याकाळ घालवावी लागली. पहिल्या खेपेला चांगला फोटो मिळावा म्हणून मी डबक्याच्या दिशेने पन्नासएक पावलं जास्त गेलो. माना वर झाल्या, मला त्याचा अर्थ कळला नाही, आणि पुढच्या पावलाला चाळीसेक पक्षी उठले. अंधार पडेपर्यंत ते दरीवर फिरत राहिले, उतरेनात. दिवसभर चिखलातून एकेक मूळ उपसून कमावलेली ताकद त्यांनी माझ्यामुळे अंधारात खर्च केली. मुक्कामाच्या घरातल्या आजींनी तो कलकलाट घरातून ऐकला होता. त्या मला रागावल्या नाहीत. त्यांनी नातवाकरवी एवढंच विचारलं, "आज ते उशिरापर्यंत का ओरडत होते?" त्या प्रश्नाची टोचणी मला अजून आहे.

दलदलीच्या आत पाऊल टाकायचंच नाही, पक्षी नसले तरी. वरून गवत दिसतं, खाली गुडघाभर चिखल असतो, आणि तुडवलेली जागा लवकर भरून येत नाही. गुरं आणि घोडी तिथे चरताना दिसतील; ती पिढ्यान् पिढ्या चरत आली आहेत आणि त्यांच्या चरण्याने बुटका बांबू आटोक्यात राहतो. त्यांच्याशी आपली बरोबरी करू नका. कुत्र्यांना बिस्किटं घालू नका, कारण माणसांमागे लागलेली कुत्री दलदलीपर्यंत येतात. गाडीचा हॉर्न आणि मोठ्याने गप्पा काठापासून लांबच ठेवा.

मधला दिवस

सकाळी नऊनंतर पक्षी शेतांत आणि दलदलीत विखुरतात. हा वेळ चालण्याचा. गांगतेंग गोम्पाजवळच्या टेकडीवरून निसर्गवाट सुरू होते, पाइनच्या झाडीतून आणि सेमचुबारा गावावरून खाली उतरत खेवांग ल्हाखांग या देवळापर्यंत जाते. रमतगमत दोन तास लागतात. वाट उताराची आहे, त्यामुळे सुरुवात गोम्पाकडूनच करा आणि गाडी खालच्या टोकाला बोलवा. वाटेत लाल चोचीच्या चफ कावळ्यांचे थवे आरडाओरडा करत जातात. दलदलीवर खालून तरंगत, कधी एका बाजूला कलत जाणारा शिकारी पक्षी दिसला तर तो हॅरियर असण्याची शक्यता जास्त.

गोम्पा १६१३ साली ग्यालसे पेमा थिनले यांनी स्थापला. ते पेमा लिंगपा या थोर संताचे नातू. दरीतले लोक सांगतात की क्रौंच येताना आणि परत जाताना गोम्पाला तीन प्रदक्षिणा घालतात. तुम्हीही प्रदक्षिणा उजवीकडूनच घाला, आत जाताना टोपी आणि पादत्राणं काढा, देवळाच्या आत फोटो काढू नका. भेटणाऱ्यांना "कुझुझांगपो ला" म्हणा, निघताना "कादिन्छे ला". दोन शब्दांवर दारं उघडतात, चहा येतो.

मुक्कामासाठी गावातलं घर मिळालं तर हॉटेलपेक्षा तेच निवडा. लाल भात, एमा दात्शी, इथले बटाटे. एमा दात्शी म्हणजे मिरच्यांची चीज घातलेली भाजी. मिरची इथे चवीपुरती नसते, तीच भाजी असते, तेव्हा तिखटाची सवय नसलेल्यांनी आधीच सांगावं. संध्याकाळी डोत्शोची सोय असेल तर सोडू नका. लाकडी हौदातल्या पाण्यात निखाऱ्यावर लाल केलेले दगड सोडतात, आणि पहाटेपासून गारठलेले पाय त्यात पुन्हा आपले होतात.

निघण्याचा दिवस

दुसऱ्या सकाळीही दलदलीच्या काठावर जाऊन या. आदल्या दिवशी जागा, वारा आणि उजेडाची दिशा कळलेली असते, त्यामुळे खरं पाहणं या सकाळी होतं. नाश्ता करून साडेनऊ-दहाला निघालात तरी उजेड असताना पुनाखा गाठता येतं, आणि तोवर लावालावरचा बर्फही उन्हाने सैल झालेला असतो.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गेला असाल तर मात्र निघायची घाई करू नका. स्वच्छ, उन्हाच्या सकाळी जमीन तापली की वर चढणाऱ्या हवेवर क्रौंच गोल गोल फिरत उंची घेतात. गाडीत सामान ठेवून झाल्यावर मान वर करून उत्तरेकडचं आकाश नीट बघा. आवाज येत असतील आणि पक्षी दिसत नसतील, तर ते तुमच्या नजरेच्या टप्प्याच्या वर आहेत. बायनॅक्युलर गळ्यातच राहू द्या.